लॅपटॉपवरचं काम, परदेशात मुक्काम: कोणत्या देशाचा व्हिसा आपल्या घराला परवडतो?

मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी किंवा कल्याणच्या दूधनाक्यावर 'बाहेर जायचंय' असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आजही आखाती देशच येतात. सत्तरच्या दशकात कोकणातून आणि ठाणे जिल्ह्यातून माणसं कुवेत, जेद्दा, दोहाला गेली. त्यांचा व्हिसा कफिलाच्या नावाने असायचा. पासपोर्टही बऱ्याचदा त्याच्याच कपाटात असायचा. नोकरी सुटली की मुक्काम संपला. त्या पैशांतून इथे घरं उभी राहिली, बहिणींचे निकाह झाले, मुलं शिकली. आता त्याच घरांमधली पुढची पिढी कौशातल्या किंवा डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये बसून कोडिंग करते, मेडिकल बिलिंग करते, परदेशी क्लायंटसाठी डिझाइन करते, ऑनलाइन शिकवते. त्यामुळे घरोघरी एक नवा प्रश्न निघतो. काम जर लॅपटॉपवरच आहे, तर तो लॅपटॉप दुबईत उघडला किंवा क्वालालंपूरमध्ये उघडला तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, फक्त त्यासाठीचा व्हिसा वेगळा आहे. २०२० साली कोविडमध्ये विमानं थांबली तेव्हा बार्बाडोस आणि एस्टोनिया या छोट्या देशांनी 'आमच्याकडे राहा, काम तुमच्या देशातल्या कंपनीचं करा' असे व्हिसे सुरू केले. मग पाहता पाहता अनेक देश त्यात उतरले. कुणी त्याला डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतं, कुणी रिमोट वर्क व्हिसा, कुणी व्हर्च्युअल वर्किंग प्रोग्राम. नावं वेगळी असली तरी गाभा एकच. तुमची कमाई त्या देशाबाहेरून आली पाहिजे आणि तिथल्या स्थानिक कंपनीत तुम्ही नोकरी धरायची नाही.

आमच्या मते सगळा घोटाळा इथेच होतो. आपल्याकडे 'व्हिसा मिळाला' याचा अर्थ 'नोकरी मिळाली' असा घेण्याची पन्नास वर्षांची सवय आहे. हा व्हिसा नोकरी देत नाही, तो फक्त नोकरी असलेल्याला राहू देतो. ज्याच्याकडे आज कमाई नाही, त्याच्यासाठी हा व्हिसा नाहीच. मग एजंट काहीही सांगो.

आधी पगाराची स्लिप काढा

देशांची तुलना करताना लोक हवामान, खाणं, मशीद, भाषा यापासून सुरुवात करतात. आम्ही सुचवू की आधी गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट समोर घ्या, कारण बहुतेक देश तिथेच हो किंवा नाही म्हणतात. खाली डॉलर ८५ ते ९० रुपये धरून हिशेब केला आहे. अटी आणि आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहावंच.

दुबईच्या व्हर्च्युअल वर्किंग प्रोग्रामला महिन्याला किमान ३,५०० डॉलर कमाई लागते, म्हणजे तीन लाख रुपये किंवा थोडे जास्त. सुरुवातीला ही अट ५,००० डॉलर होती, नंतर ती खाली आणली. मलेशियाच्या 'डी-रंताऊ' पासला तंत्रज्ञान आणि डिजिटल क्षेत्रातल्यांना वर्षाला २४,००० डॉलर पुरतात, म्हणजे महिन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास. क्षेत्र त्याबाहेरचं असेल तर मात्र थेट ६०,००० डॉलर. इंडोनेशियाचा रिमोट वर्कर व्हिसा वर्षाला ६०,००० डॉलरच मागतो. मॉरिशसची अट सर्वांत हलकी, महिन्याला १,५०० डॉलर. थायलंडची पद्धत निराळी. तिथे शिल्लक मोजतात, पाच लाख बाट, म्हणजे आपले तेरा लाखांच्या घरात. पोर्तुगाल आपल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई मागतो. २०२५ मध्ये हा आकडा महिन्याला ३,४८० युरो होता.

ठाणे-कल्याण पट्ट्यात घरून काम करणाऱ्या अनेकांचा पगार चाळीस ते ऐंशी हजारांच्या दरम्यान असतो. त्या पगारावर यातला एकही दरवाजा उघडत नाही. हे ऐकायला कडू आहे, पण घरातलं सोनं गहाण पडण्याआधी कळलेलं बरं. ज्यांची कमाई सव्वा लाखाच्या पुढे गेली आहे, जे सिनियर डेव्हलपर आहेत, ज्यांचे अमेरिका-युरोपात थेट क्लायंट आहेत किंवा नवरा-बायको दोघंही आयटीत आहेत, त्यांच्यासाठी पुढची तुलना खरी उपयोगाची.

दुबई: ओळखीची, पण स्वस्त नाही

आपल्या माणसांची पहिली पसंती दुबई असणार यात नवल नाही. तीन तासांचं विमान, भारताच्या मागे फक्त दीड तासाचं घड्याळ, आसपास मराठी-उर्दू-मल्याळी सगळं ऐकू येतं, हलालची चिंता नाही, मुलांसाठी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा. व्हर्च्युअल वर्किंग व्हिसा एक वर्षाचा असतो आणि पुन्हा करता येतो. त्यासाठी कंपनीचा किमान वर्षभराचा करार, गेल्या महिन्याची पगार स्लिप, मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट आणि तिथे चालणारा आरोग्य विमा लागतो. स्वतःचा व्यवसाय असेल तर मालकीचा पुरावा. बायको-मुलांना आश्रित म्हणून नेता येतं, पण प्रत्येकाचा विमा आणि प्रत्येकाची फी वेगळी.

वैयक्तिक उत्पन्नावर तिथे कर नाही, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जी पाठ नसते ती अशी: तीन लाखांचा पगार डोंबिवलीत राजेशाही वाटतो, दुबईत चौघांच्या कुटुंबाला तो जेमतेम पुरतो. घरभाडं महिन्याच्या महिन्याला देण्याची पद्धत तिथे कमी. वर्षभराचं भाडं एक, दोन किंवा चार पुढच्या तारखांच्या चेकमध्ये द्यावं लागतं. परदेशी कुटुंबांची मुलं बहुतेक करून खासगी शाळेतच जातात, तिची फी भरावी लागते. उन्हाळ्यात एसीचं बिल. शिवाय व्हॉट्सॲपवरचा कॉल तिथे लागत नाही. टीम्स, झूम चालतात, बोटिमसारखी ॲप्स चालतात, पण कल्याणला बसलेल्या अम्मीच्या फोनमध्ये ती आधीच टाकून द्यावी लागतात. ही गंमत नाही, रोजचा प्रश्न आहे.

दुसरा रस्ता ग्रीन व्हिसाचा. तो पाच वर्षांचा, स्वतःच्या नावावरचा, ऑक्टोबर २०२२ पासूनचा. फ्रीलान्सरला त्यासाठी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाचं फ्रीलान्स परमिट, पदवी किंवा विशेष डिप्लोमा, आणि आधीच्या दोन वर्षांत वर्षाला ३ लाख ६० हजार दिरहमची कमाई किंवा आर्थिक कुवतीचा पुरावा द्यावा लागतो. ३ लाख ६० हजार दिरहम म्हणजे वर्षाला ऐंशी लाखांहून जास्त रुपये. ज्यांना हे जमतं त्यांना या लेखाची फारशी गरज नाही. मात्र एक सवलत लक्षात ठेवण्यासारखी: नव्या नियमांत मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत आणि अविवाहित मुलगी वयाची अट न पाहता आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकते. कॉलेजात शिकणारी मुलं असलेल्या घरांना याची किंमत कळेल.

या दोन्हीऐवजी सर्रास जे होतं ते म्हणजे साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर जाऊन खोलीत लॅपटॉप उघडणं. 'कोण बघतंय?' असा युक्तिवाद असतो. पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथे काम करायला मनाई आहे. मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. २०२४ च्या अखेरपासून पर्यटक व्हिसाच्या अर्जातच परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा मागण्याचं प्रमाण वाढलं आहे. शिवाय पाहुण्याला भाड्याचा रीतसर करार, तिथलं पगाराचं खातं, मुलांची शाळा यातलं काही मिळणं अवघड. एकट्या तरुणाने दोन महिने काढले तर निभतं, कुटुंब घेऊन गेलेल्याचं निभत नाही.

सौदी, कुवेत, ओमान, कतार इथला निवास परवाना आजही बहुतेकांना मालकाच्याच नावाने मिळतो. यूएईचा निवास परवाना हातात असला तर मात्र सौदीचा पर्यटक ई-व्हिसा मिळण्याची सोय २०२३ पासून झाली आहे आणि त्यावर उमराही करता येतो. दुबई निवडणाऱ्या अनेक घरांत या एका कारणाचं वजन मोठं असतं, ते आम्हाला समजतं.

मलेशिया: आमच्या मते कुटुंबासाठी सर्वांत समतोल

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला डी-रंताऊ पास आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं आम्हाला आश्चर्य वाटतं. तिथल्या डिजिटल अर्थव्यवस्था महामंडळाकडे ऑनलाइन अर्ज करायचा. पास तीन ते बारा महिन्यांचा मिळतो आणि पुढे आणखी बारा महिने वाढवता येतो. मुख्य अर्जदाराची फी १,००० रिंगिट, प्रत्येक आश्रिताची ५००. सॉफ्टवेअर, सायबर सुरक्षा, डेटा, यूएक्स डिझाइन, डिजिटल मार्केटिंग, डिजिटल आशयनिर्मिती ही सगळी कामं तंत्रज्ञानाच्या गटात बसतात, म्हणजे २४,००० डॉलरची हलकी अट लागू होते. कंपनीत नोकरी नसली तरी चालतं; फ्रीलान्सरने तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा क्लायंटचा करार दाखवायचा.

घराच्या दृष्टीने पाहिलं तर क्वालालंपूरमध्ये मशीद, हलाल जेवण, पडदा करणाऱ्या मुलीकडे वळून न पाहणारा रस्ता, हे सगळं सहज आहे. भाडं दुबईपेक्षा बरंच कमी. इंग्रजी चालते, तमिळ कानावर पडते. घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, त्यामुळे भारतीय कंपनीचा साडेनऊचा स्टँडअप तिथे दुपारी बाराला पडतो. सकाळ मोकळी मिळते, पण संध्याकाळ लांबते. अमेरिकी क्लायंट असेल तर रात्री भारतापेक्षाही उशिरापर्यंत जागावं लागेल.

अडचण एकच आणि ती मोठी. दोन वर्षं झाली की गाडी थांबते. हा पास कायम निवासाकडे जात नाही. मुलगा आठवीत असताना गेलात तर दहावीच्या तोंडावर परत यावं लागेल, हे आधीच कॅलेंडरवर मांडून पाहावं. मुलं लहान असतील, पहिली-दुसरीत असतील, तर हा काळ उत्तम.

मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा एका वर्षाचा आहे आणि त्याला सरकारी फी नाही. मुलांसाठी महिन्याला प्रत्येकी ५०० डॉलर जादा कमाई दाखवावी लागते. बेटावर मुस्लिम वस्ती जुनी आहे, पोर्ट लुईची जामा मशीद प्रसिद्ध आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेला मराठी समाजही आहे, हे अनेकांना माहीत नसतं. घड्याळ भारताच्या दीड तास मागे. फक्त विमानाचं तिकीट दुबईसारखं स्वस्त नाही, त्यामुळे घरी कुणी आजारी पडलं तर रातोरात परतणं खिशाला जड जातं.

थायलंडचा डीटीव्ही जुलै २०२४ पासून आहे. पाच वर्षांत कितीही वेळा ये-जा, एका वेळी १८० दिवस. कमाईपेक्षा शिल्लक पाहतात, म्हणून ज्यांनी बारा-पंधरा लाख साठवले आहेत पण दरमहा कमाई खालीवर होते अशा फ्रीलान्सरला तो सोयीचा. मात्र १८० दिवसांची मोजदाद कुटुंबाच्या राहणीला जमत नाही, शाळा-भाडं सगळंच तात्पुरतं राहतं. एकट्यासाठी ठीक.

तुर्कस्तानचं नाव आपल्याकडे मालिका पाहून फार घेतलं जातं. त्यांचा डिजिटल नोमॅड व्हिसा ठरावीक देशांच्या नागरिकांसाठी आहे आणि त्या यादीत भारत नाही. जपाननेही २०२४ मध्ये असा व्हिसा काढला. तिथल्या यादीतही आपण नाही. इन्स्टाग्रामवर हे दोन देश दाखवून 'प्रोसेसिंग फी' मागणारा भेटला तर तिथेच ओळखा.

युरोपबद्दल थोडक्यात. पोर्तुगाल आणि स्पेन हे दोन देश असे आहेत जिथे हा व्हिसा पुढे दीर्घ निवासाकडे नेऊ शकतो, कुटुंबही नेता येतं. पण पोर्तुगालची कमाईची अट साडेतीन लाखांच्या जवळपास आणि स्थानिक कर भरावाच लागतो. लिस्बनला भाडी वाढलेली आहेत. ज्यांना मुलांचं उच्च शिक्षण तिथेच करायचं आहे, त्यांनी या वाटेचा विचार करावा. 'वर्षभर राहून बघू' म्हणणाऱ्यांनी नाही.

कागद: खरी अडचण इथे येते

व्हिसा कुठल्याही देशाचा असो, आपल्या घरांत अडतं ते निकाहनाम्यापाशी. पत्नीला आश्रित म्हणून न्यायचं तर विवाहाचा पुरावा लागतो, आणि काझीसाहेबांनी दिलेला उर्दू निकाहनामा परदेशी वकिलातीत एकटा पुरत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे महापालिकेत निकाहाची नोंद करता येते. ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी-निजामपूर, ज्या महापालिकेच्या हद्दीत निकाह झाला किंवा नवरा-बायको राहतात तिथे. अर्जावर, म्हणजे नमुना 'ड' वर, नवरा-बायको, साक्षीदार आणि निकाह पढवणारे काझी यांच्या सह्या लागतात. मिळणारं प्रमाणपत्र नमुना 'ई' मध्ये असतं. पुढचे सगळे शिक्के या प्रमाणपत्रावर होतात. निकाह होऊन दहा वर्षं झाली असली तरी नोंद करता येते, उशिराचा दंड किरकोळ आहे. खरी दगदग तेव्हा होते जेव्हा काझीसाहेब दिवंगत झालेले असतात किंवा साक्षीदार गावी निघून गेलेले असतात. म्हणून नवविवाहितांनी परदेशाचा विचार नसला तरी ही नोंद पहिल्या महिन्यातच उरकून टाकावी.

त्यानंतर कागद 'अटेस्ट' करायचा. यूएईसाठी आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात आणि तिथे पोहोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय अशी साखळी आहे. पोर्तुगाल, स्पेनसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो, वकिलातीची पायरी वाचते. पदवीचं प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले याच मार्गाने जातात. यात काही आठवडे सहज जातात, तेवढे हाताशी ठेवूनच तिकीट काढावं.

नावांचं काय करायचं? आधारवर 'शेख', शाळेच्या दाखल्यावर 'शैख', पासपोर्टवर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग, आणि बायकोच्या पासपोर्टवर फक्त 'शबाना', आडनावाची जागा रिकामी. आपल्या वस्त्यांत असे पासपोर्ट खूप आहेत. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश देणं थांबवलं. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असल्यास चालेल अशी सूट दिली. निवास व्हिसासाठी या खेळात पडू नये. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून नाव-आडनाव नीट करून पासपोर्ट री-इश्यू करून घ्यावा, आणि मगच विवाह प्रमाणपत्र अटेस्टेशनला पाठवावं. क्रम उलटा झाला की सगळे शिक्के पुन्हा. लग्नानंतर बाईने पासपोर्टवर आडनाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. माहेरचं नाव ठेवून जोडीदाराच्या रकान्यात नवऱ्याचं नाव जोडता येतं.

पासपोर्टचं आणखी एक पान उलटून बघा. ज्यांनी दहावी पास असूनही पासपोर्ट काढताना गुणपत्रिका जोडली नव्हती, त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'स्थलांतर तपासणी आवश्यक' असा शेरा असू शकतो. ज्या अठरा देशांत नोकरीला जाण्यासाठी असा पासपोर्ट असलेल्यांना सरकारची मंजुरी लागते त्यात यूएई, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड हे चारही आहेत, म्हणजे आपण वर ज्यांची तुलना केली त्यातले बहुतेक. तुमचा व्हिसा नोकरीचा नसला तरी विमानतळाच्या काउंटरवर रात्री दोन वाजता हे समजावत बसण्यापेक्षा दहावीचं प्रमाणपत्र दाखवून तो शेरा आधीच काढून घेतलेला बरा. बाळाचा नवा पासपोर्ट काढायचा असेल तर १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

अर्ज नेहमी कमावणाऱ्याच्या नावाने. घरातली सून अमेरिकी कंपनीचं काम करत असेल आणि मुलाचं दुकान असेल, तर मुख्य अर्जदार सून आणि आश्रित मुलगा. यात कमीपणा मानून उलटा अर्ज केला तर तो नाकारला जाईल.

कंपनी आणि प्राप्तिकर

भारतीय कंपनीत 'वर्क फ्रॉम होम' आहे म्हणजे 'वर्क फ्रॉम दुबई' आहे असं नाही. कर्मचारी दुसऱ्या देशात बसला की कंपनीवर तिथल्या कराची, ग्राहकाच्या डेटाची आणि कामगार कायद्याची जबाबदारी येऊ शकते. म्हणून न कळवता बाहेर गेलेल्याला कंपनी कामावरून काढूही शकते. लॅपटॉपचा पत्ता त्यांना पहिल्या दिवशीच दिसतो. यूएईत व्हीपीएन लावून लपवाछपवी केली तर तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. एचआरकडून लेखी परवानगी, त्यात देशाचं नाव आणि मुदत, हे नसेल तर पुढचं काही करू नये. व्हिसाच्या अर्जातही हेच पत्र मागतात.

करासाठी १८२ हा आकडा लक्षात ठेवा. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही इथले निवासी, आणि जगभरच्या कमाईवर इथे कर. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी गेलेल्याची ते वर्ष वाचवायची संधी बहुधा हुकते. एप्रिल-मेमध्ये गेलेल्याचं सोपं जातं. त्यातही पगार भारतीय कंपनी भारतातल्याच खात्यात टाकत असेल तर एनआरआय झाल्यावरही त्यावर इथला कर लागू शकतो. आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांहून जास्त असून दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नसेल, तर भारतीय नागरिकाला कायदा निवासी मानतो. 'दुबईला गेलो की टॅक्स शून्य' हे वाक्य आखातात नोकरी करणाऱ्या मामूंच्या बाबतीत खरं होतं, तुमच्या बाबतीत असेलच असं नाही. सीएची एका बैठकीची फी इथे वाचवू नका. बाहेर राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, ते बँकेत आधीच विचारून ठेवा.

ज्यांच्याकडे कमाई नाही त्यांना कोण गाठतं

या व्हिशांचं नाव वापरून बेरोजगार पोरांना पकडणारे वेगळेच आहेत. 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, राहणं-खाणं मोफत, डिजिटल मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' अशा जाहिराती टेलिग्रामवर येतात. मुलगा बँकॉकला उतरतो आणि तिथून त्याला म्यानमारच्या म्यावाडी भागातल्या किंवा कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर नेतात. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच याचा इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या सीमेवरून अशा ५०० हून अधिक भारतीयांना परत आणलं. रिमोट वर्क व्हिसावर तुमचा मालक त्या देशात नसतो. त्यामुळे 'व्हिसा पण आम्हीच देतो, नोकरी पण तिथेच देतो' हे वाक्य आलं की ते दोन्ही खोटं समजा.

दुसरा प्रकार खिशाला लागतो. 'फंड शो' म्हणून महिनाभर खात्यात दहा-बारा लाख दाखवायचे, त्यावर व्याज द्यायचं, आणि वर बनावट पगार स्लिप. व्याज, खोटा कागद आणि फेटाळलेला अर्ज, तिन्ही आपल्याच पदरात. वकिलाती तीन-सहा महिन्यांची उलाढाल बघतात, अचानक आलेली रक्कम पहिल्यांदा खटकते, आणि एकदा नकार लागला की पुढच्या देशाच्या अर्जातही तो लिहावा लागतो.

परदेशातल्या नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतं. त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. रिमोट वर्क व्हिशाला तर एजंट लागतच नाही, दुबई आणि मलेशियाचे अर्ज स्वतः ऑनलाइन भरता येतात. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. माणूस परदेशात अडकला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरच्यांना ठाण्यातून तक्रार नोंदवता येते, आणि यूएईत असेल तर त्याने तिथूनच प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या ८०० ४६३४२ या मोफत क्रमांकावर बोलावं.